डुकरांसाठी घेतलेला सॅटेलाइट रेडिओ

इथे पहिल्यांदाच लिहितेय, तेव्हा आधीच सांगून मोकळी होते... भूत, भानामती, चकवा, अंगात येणं, यातलं मी काही म्हणजे काही मानत नाही. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलंय, गावातल्या मुलांच्या सायन्सच्या शिकवण्या घेते. सर्किट पूर्ण नसेल तर करंट वाहत नाही, हे वाक्य मी इतक्यांदा बोलले आहे की झोपेतही बोलत असेन. दाराला कोणी लिंबू-मिरची बांधली तर मी ती सोडून मिरची सरळ भाजीत टाकायची, आणि सासूबाई कपाळावर हात मारून घ्यायच्या. तर अशा बाईच्या वाट्याला जे आलं ते सांगते. पटलं तर पटलं, नाही तर द्या सोडून.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यात, हिंगणीच्या पुढे. बोर धरणाच्या अंगाचं जंगल जिथे संपतं तिथेच आमचं शेत सुरू होतं, मध्ये फक्त एक नाला. हिवाळ्यात हरभरा भरात आला की रानडुकरांचे कळप उतरतात. एक कळप रात्रभर शेतात राहिला तर सकाळी हरभरा होता की नव्हता तेही कळत नाही. म्हणून जागल करावी लागते. शेतात मचाण बांधायचं, माणसानं रात्रभर वर बसायचं, डबा वाजवायचा, ओरडायचं. आमचे हे, म्हणजे वासुदेव, लग्नाच्या आधीपासून ही जागल करत आलेले.

शेजारच्या शेतातलं मचाण शामरावभाऊंचं. गोंड कुटुंब, घरात बायकोशी गोंडी बोलतात, आमच्याशी वऱ्हाडी. दारूला शिवत नाहीत, उगाच बोलत नाहीत. या दोघांचा एक नेम होता, त्यांच्या वडिलांच्या काळापासूनचा. रात्री अधूनमधून एकानं हाक द्यायची, दुसऱ्यानं ओ द्यायची. ओ आली नाही तर मचाणावरून उतरून त्याच्या शेतात जाऊन पाहायचं. झोप लागली असेल, पान लागलं असेल... आमच्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात... काहीही असो, उतरायचंच. आणि ज्याला जागलीला यायचं नसेल त्यानं उजेड असतानाच दुसऱ्याला निरोप द्यायचा. या नेमावरच सगळी हकीकत उभी आहे, म्हणून एवढं सविस्तर सांगितलं.

त्या वर्षी जंगलातला वाघ नाल्याच्या अलीकडे यायला लागला. पलीकडच्या गावातल्या एका माणसाला त्यानं शेतातून नेलं. बातमी आली तेव्हा मी भाकरी थापत होते. तवा उतरवला आणि तिथल्या तिथे सांगून टाकलं, "आजपासून तुमी जागलीले जानार नाई."

"मंग हरभरा कोन राखन? तू?"

"काहीबी करन. पन तुमी जानार नाई."

"अवं, जंगलाजवळ राह्यतो तं वाघ राह्यनच ना! वाघाच्या भेवानं शेती सोडून देऊ काय?"

"शेती नाई सोडाची. मचाण सोडाचं."

आमचे हे हसले. त्यांना वाटलं, बाई आहे, दोन दिवस बडबडेल. मला ते अजून पुरतं ओळखत नव्हते तेव्हा.

साधा रेडिओ लावून आम्ही आधीच पाहिलं होतं. आकाशवाणी रात्री सभा संपवून झोपायची आणि डुकरं बहुतेक त्याचीच वाट पाहत नाल्यात बसलेली असायची. गाण्याची कॅसेट लावली तर चार रात्रींत सरावली, गाणं ऐकत ऐकत चरायची. त्यांना भीती माणसाच्या बोलण्याची. रात्रभर न थांबता बोलणारं माणूस कुठून आणायचं? बायकोलाच बसव मचाणावर, असा सल्ला यांच्या मित्रांनी दिला होता.

माझा भाऊ तेव्हा सावंगीला हॉस्पिटलात टेक्निशियन होता. तिथले एक डॉक्टर परदेशी जायला निघाले आणि जाताना आपला सॅटेलाइट रेडिओ त्याला देऊन गेले. तेव्हा ते फॅड होतं, आठवत असेल काहींना. तळहाताएवढी चौकोनी अँटेना मोकळ्या आकाशाकडे रोखायची, की सेटवर कितीतरी चॅनल यायचे, खरखर अजिबात नाही. पैसे भरून चालणारा रेडिओ! डॉक्टरांचं भरलेलं सबस्क्रिप्शन अजून शिल्लक होतं. भावाला गाण्यांचं कौतुक, मी मात्र एकच प्रश्न विचारला, "यात रातभर बोलतं का कोनी?"

बोलायचं. इंग्रजी बातम्यांचा चॅनल होता, चोवीस तास. एक बाई, एक बुवा, मग दुसरा बुवा... थांबणं माहीतच नाही.

झालं. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी, गणपती मंडळाचा टाकून दिलेला भोंगा, एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर. जोडणी मी स्वतः केली. भोंगा मचाणाला बांधला आणि साहेब लोक आमच्या हरभऱ्यात बोलायला लागले. गाव लोटपोट हसलं. "वैनी, तुमचे डुकरं इंग्रजी शिकून राह्यले, आता नोकरीले लावा त्याइले!" मी म्हटलं, हसा. सकाळी शेत पाहायला या. शेत जसंच्या तसं होतं. त्या दिवसापासून आमचे हे घरात, पांघरुणात झोपायला लागले, आणि रात्री मधेच जाग आली की मी हात लावून पाहायची, आहेत ना. हो, लावायची. त्यात काय लपवायचं?

शामरावभाऊ मात्र आपल्या मचाणावर जातच होते, पण तेही खूश. हाक द्यायची सवय जाईना. ते हाक द्यायचे, इकडून भोंगा बोलतच असायचा. "वासुदेव, तुहा साहेब ओ देते मले," म्हणायचे. भोंगा बोलतोय म्हणजे तिकडे सगळं ठीक. रोज निरोप द्यायचं कामच उरलं नाही, आणि आमच्या घरातून ती सवय कधी गेली ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

मग एक दिवस सेटवर इंग्रजीत ओळ आली, सबस्क्रिप्शन संपलं, पुढे ऐकायचं तर पैसे भरा. बाई नाही, बुवा नाही, सगळं चिडीचूप.

घरात जुंपली. यांचं म्हणणं, "डुकराच्या करमनुकीसाठी पैशे भराचे? लोक काय म्हनतीन? हरभरा आता सोंगनीले आला. थोडे दिवस मी बसतो मचानावर, झालं."

"लोक काय म्हनाचे ते म्हनू द्या. मी भरनार."

"काऊन भराचे पन? इंग्रजी बातम्या फुकट ऐकाव्या मान्सानं. पैशे भरून डुकराले ऐकवत नसते कोनी."

"डुकराले नाई ऐकवत मी. तुमाले घरी ठेवून राह्यली. समजते का?"

मग ते म्हणाले, बरं, उद्या ठरवू, आज रात्र घरीच राहतो, हरभऱ्याचे चार घाटे गेले तर गेले. दुपारीच ते सेट, अ‍ॅम्प्लिफायर आणि बॅटरी बैलगाडीत टाकून घरी घेऊन आले होते. भोंगा तेवढा मचाणाला बांधलेला होता, त्याची वायर मोकळी लोंबत होती. सेट मी माझ्या हातानं धान्याच्या लोखंडी कोठीवर ठेवला, बॅटरी खाली जमिनीवर. संध्याकाळ झाली, जेवलो, झोपलो.

शामरावभाऊंना निरोप द्यायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

सकाळी मी अंगणात सडा टाकत होते तर शामरावभाऊ आले. येऊन ओट्यावर बसले, चहाही नको म्हणाले.

"वैनी, वासुदेव कुठं हाये?"

"झोपले हायेत. काऊन?"

"मंग मचानावरचं सामान कोनं काढून नेलं? आता बांधावरूनच पाहून आलो तं नुस्ता भोंगा हाये. चोरी झाली काय?"

मी म्हटलं, चोरी कशाची, सामान कालच घरी आणलं. कोठीवर आहे, पाहा.

ते उठून आत आले. कोठीवरचा सेट पाहिला, बॅटरी पाहिली. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "कालच? वैनी, रातभर बोलून राह्यला ना तो."

"कोन?"

"तुमचा रेडिओ. तो बुवा अन् ती बाई. रोजच्यासारखा." आणि मग, "रोजच्यासारखा बी नाई म्हना. मी हाक देल्ली का आवाज मोठा व्हायचा. मले वाटलं वासुदेव बसला असन, त्यानंच वाढवला असन."

आमचे हे तोवर उठून बाहेर आले होते. तिघंही शेतात गेलो. हरभरा एका ठिकाणी दबलेला होता, बरोबर आमच्या मचाणाच्या खाली. ओल्या मातीवर पंजे उमटले होते. शामरावभाऊ वाकून पाहायला लागले. फॉरेस्टचा गार्ड आला, त्यानं पंजाचं माप घेतलं. वाघच. नुसता गेला नव्हता, इथे बराच वेळ बसून होता, असं तो म्हणाला.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. शामरावभाऊंच्या मचाणावरून आमच्या मचाणाकडे यायला एकच पायवाट, आणि ती त्या दबलेल्या हरभऱ्यावरूनच जाते. रात्री त्यांनी हाक दिली. इकडे ना माणूस, ना रेडिओ. भोंगा गप्प म्हणजे आज वासुदेव स्वतः बसलाय, असं त्यांनी धरलं असतं, आणि ओ आली नाही म्हणून नेमाप्रमाणे ते उतरले असते, हातात एक काठी घेऊन, अंधारात, थेट तिथे.

ते उतरले नाहीत, कारण त्यांना ओ आली. कुठून आली?

मी भोंग्याची वायर हातात घेऊन पाहिली. टोकं मोकळी, दवानं ओली. कुठे जोड आहे का ते शेवटापर्यंत चाचपून पाहिलं. यांच्याकडे पाहिलं तर ते नुसते शामरावभाऊंच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते.

त्याच दिवशी मी बस धरून वर्ध्याला गेले. सबस्क्रिप्शन भरून घेणारा दुकानदार कॉम्प्युटरमध्ये पाहून म्हणाला, "मॅडम, तुमचा सेट काल बंद झालाय."

"रात्री चालला असेल का थोडा वेळ? चुकून?"

"शक्यच नाही. सिग्नल आला तरी सेट तो उघडणार नाही."

"आणि सेटला बॅटरीच जोडलेली नसेल तर?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं विचारलंच नाही. "कोणतं पॅकेज देऊ?" म्हणाला. म्हटलं, गाणी नकोत, बोलणारं द्या, पूर्ण वर्षाचं. हा खर्च वाजवी आहे का, यावर आमच्या घरात पुन्हा कधी चर्चा झाली नाही. उलट आमचे हेच विचारायचे, "भरलं ना वं?"

तर्क मीही सगळे करून पाहिले. एक इलेक्ट्रॉनिक्सवाला म्हणाला, लांब वायर कधीकधी रेडिओ स्टेशन पकडते. पकडत असेल, पण शेजारच्या मचाणापर्यंत ऐकू जाईल एवढा भोंगा त्यानं वाजत नाही, हे मी शिकवणीतल्या पोरांनाही सिद्ध करून दाखवीन. भास म्हणावा तर भास रात्रभर इंग्रजीत बातम्या सांगेल, तोही इंग्रजीचं अक्षर न कळणाऱ्या माणसाला? आणि नाल्याकडच्या शेतात जागल करणारा आणखी एक जण होता, त्यानं त्या रात्री काहीच ऐकलं नव्हतं. तोही खोटं बोलणारा नाही.

पुढे ती कंपनी देशातून गाशा गुंडाळून गेली. पैसे भरायची कितीही तयारी असली तरी भरून घ्यायला कोणी उरलं नाही. सेट कायमचा मुका झाला. ते कळलं त्या संध्याकाळी मी स्वतः शामरावभाऊंच्या घरी गेले. या वेळी निरोप राहायला नको होता.

"भाऊ, आजपासून रेडिओ नाई. वासुदेव बी येनार नाई, मी येऊ देनार नाई. ओ नाई आली तरी तुमी उतराचं नाई. मले वचन द्या."

ते विळ्याला धार लावत होते. थांबले.

"वैनी, वचन कसं देऊ? तो येनार नाई हे आता मले मालूम हाये. पन रातच्याले अंधारात हाक तोंडातून निघतेच. अन् ओ नाई आली तं पाय आपोआप खाली उतरते. वासुदेवले देल्लेली हाक हाये ते."

मी घरी आले. चूल पेटवली. ज्या माणसाला घरी ठेवायला मी गावभर हसं करून घेतलं, त्याला मी भाजी-भाकरी बांधून दिली... दोघांची. म्हटलं, "जा. पन आपल्या मचानावर नाई. शामरावभाऊच्या मचानावर बसा, दोघं सोबत. हाक देन्याची पाळीच नको याले."

त्यांनी गाठोडं घेतलं. त्या रात्री मी झोपले नाही, आणि दुसऱ्या रात्रीही नाही. हरभरा घरी आला, ते दोघंही घरी आले, त्यानंतरच्या हिवाळ्यांतही येत राहिले. आता सौरकुंपण झालंय, जागल उरली नाही.

मी अजूनही भूत मानत नाही. शिकवणीत अजूनही सांगते, सर्किट पूर्ण नसेल तर करंट वाहत नाही. त्या रात्री शामरावभाऊंना ओ कोणी दिली, हे मात्र मला माहीत नाही, आणि जो कोणी असेल त्याची मी आजन्म ऋणी आहे.