मत्रहच्या समुद्रकाठावर भेटलेलं मराठी

मस्कतकर मंडळी, ओमानमधल्या आवडत्या जागांच्या धाग्यावर परवा मी मत्रहच्या समुद्रकाठाला पहिला नंबर दिला होता. आज तो द्यायची लाज वाटतेय.

आम्ही आता नाशिकला परतलोय. आज सकाळी पंचवटीतल्या आमच्या घरी बाथरूमच्या फरश्या बसवायला घोटीचे रामदासभाऊ आले. हॉलमधला आमचा मत्रहच्या समुद्रकाठावरचा फॅमिली फोटो बघून ते थबकले.

"साहेब, हे मस्कत ना? चार वर्षं होतो मी तिथं. फरशीच्याच कामावर."

मला केवढा आनंद झाला! विचारलं, "मग तुम्हाला कुठली जागा आवडायची?"

"हीच की. शुक्रवारी सुट्टी असायची, चालत यायचो. एकदा एक फॅमिली मराठीत बोलत होती. लय दिवसांनी मराठी कानावर पडलं, म्हणून जरा जवळ जाऊन बसलो. तर त्यातला माणूस म्हणला, 'उधर बैठो, इधर फॅमिली है.' मग नाय गेलो परत तिकडं."

एवढं बोलून ते हसले आणि कामाला लागले.

तो माणूस मीच होतो का, मला आठवत नाही. पण वाक्य माझंच आहे. कामगार जवळ येऊन बसले की मी हेच म्हणायचो. कोण, कुठले, कधी विचारलं नाही.

दिवसभर त्यांना चहा देत राहिलो. उद्या ते परत येणार आहेत, तेव्हा हे सगळं त्यांना सांगणार आहे.

तुमच्यापैकी किती जणांनी हे वाक्य म्हटलंय? खरं सांगा.