मौलालीनं काढलेली पहाट

कोल्हापुरात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या मौलालीनं दहा वर्षांचा असताना पन्हाळ्यावरून तारे कोसळताना पाहिले होते. बाप गडावर पहारेकरी. त्यानं पोराला झोपेतून उचलून तटावर आणलं होतं. तेहेतीस वर्षांनी तो वर्षाव पुन्हा होतो, असं पुढं मौलालीनं वर्तमानपत्रात वाचलं आणि तेव्हापासून तो १८९९ सालाची वाट बघत राहिला.

वेधशाळेतल्या साहेबलोकांनी नोव्हेंबरची तारीख दिली होती, पण कोल्हापूरकरांनी कधी आणि कुठून बघायचं, हे त्यालाच ठरवायचं होतं. नऊ वर्षांच्या नजीराला, एकुलत्या लेकीला, जवळ बसवून तो समजावून सांगे. उल्का मघा नक्षत्राकडून येणार, मघा मध्यरात्रीनंतर पूर्वेला उगवणार. त्या पहाटे कार्तिकातली त्रयोदशी, म्हणजे चंद्र चारच्या पुढं मावळणार. तिथून तांबडं फुटेपर्यंत तासभरच काय तो काळोख. पंचगंगेकाठी धुकं असतं, म्हणून पन्हाळ्याचा पूर्वेकडचा तट.

"अब्बा, मला झोप लागली तर?"

"खांद्यावर टाकून नेतो की."

त्या साली गावात प्लेग शिरला. लोकांनी घरं सोडून माळावर झोपड्या घातल्या, मौलालीनंही घातली. तरी दिवाळी सरता सरता नजीराला ताप चढला, काखेत गाठ आली आणि तिसऱ्या दिवशी पोर गेली. त्रयोदशीला सहा दिवस उरले होते.

मौलाली त्या पहाटेच्या हिशेबाचा कागद चुलीत घालायला निघाला. बायकोनं, हाफिजानं, तो हातातून काढून घेतला.

"जायाचं. पोरीला शबूद दिलाय न्हवं तुमी?"

शेजारच्या सयाजीनं गाडी जुंपली. गडावर पोचेपर्यंत चंद्र खाली गेला होता. दोघं नवरा-बायको तटावर बसले. आभाळ लख्ख होतं. एक तारा निसटला, बऱ्याच वेळानं दुसरा. तेवढेच. मग पूर्वेला तांबडं फुटलं.

"माझंच कुटंतरी चुकलं," मौलाली म्हणाला.

"बरं झालं."

तो तिच्याकडं वळला.

"पडलं असतं तर जल्मभर लागून राहिलं असतं, माझ्या लेकीचं तेवढं बघायचं राहिलं म्हनून," हाफिजा म्हणाली आणि पोर गेल्यापासून पहिल्यांदा हंबरडा फोडून रडली.

मौलालीला तिच्याकडं बघवेना. कारण गेला अर्धा तास त्याच्याही मनात तेच येत होतं. सारी हयात ज्याची वाट बघितली, ते होऊ नये म्हणून तो अल्लाकडं मागत बसला होता.

महिन्याभरानं वर्तमानपत्रात आलं, की साहेबलोकांचंही चुकलं. गुरू-शनीच्या ओढीनं उल्कांची वाटच सरकली होती. त्यानं ते हाफिजाला वाचून दाखवलं नाही, चूक आपल्याच नावावर राहू दिली. पुढं कुणी ग्रहणाची वेळ विचारली तर तो मिनिटासकट काढून द्यायचा. ताऱ्यांच्या वर्षावाचं विचारलं, की भिंग डोळ्याला लावून मान खाली घालायचा.

"त्ये मला न्हाय जमत, पावणं."