दगडूबापुढचा पेला

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शाळेतल्या सोबत्यांना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. ती समोर उभी राहून विचारत होती, तेव्हाही नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक. आणि दुसरं म्हणजे आता हाताला कंप सुटलाय. नवं चित्र काढता येत नाही, म्हणून जुनंच डोळ्यांपुढे येत राहतं.

जुन्या जालन्यात निजामाच्या अमदानीतला एक शिंदीखाना होता. दगडी कमानी, उंच छत, धुरानं काळ्या पडलेल्या भिंती. दारूबंदीत तो बंद पडला, पुढे परवाना मिळून तिथे देशी दारू विकायला लागले. पण लोकांच्या तोंडी नाव शिंदीखानाच. सत्तरच्या दशकात मी जालन्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो. मूळचा टेंभुर्णीचा. घरची शेती बरी होती, पोटाची काळजी नव्हती. काळजी एकच — माझं नाव व्हायला हवं होतं. पोरांना आंबा आणि कळशी काढायला शिकवून कुणाचं नाव होतं का? म्हणून रविवारी दुपारी कागद आणि कोळसा घेऊन मी शिंदीखान्यात जाऊन बसायचो. स्वतः थेंबही घ्यायचो नाही. याचा मला कोण अभिमान!

पण पिणारा माणूस एका जागी बसत नाही. एकाचं नाक काढावं तर तो भांडायला उठून गेलेला. दुसरा सारखा वाकून बघायचा आणि मिशी मोठी करा म्हणायचा. कमानी जमल्या, झरोक्यातून येणारं ऊन जमलं, फुटाण्यांच्या पुड्या, विड्यांचा धूर, सगळं जमलं. मधे बसलेला माणूस तेवढा जमेना. मला न पिणारा, स्थिर बसणारा माणूस हवा होता — तिथे, त्या उजेडात, पेला धरून.

तेव्हा मला दगडूबा आठवला.

दगडूबा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल होता. त्याची मुलगी सुमन माझ्या वर्गात होती. रुंद कपाळ, पोती वाहून एका बाजूला कललेली मान, आणि डोळे — असे डोळे मी पुन्हा पाहिले नाहीत. पूर्वी तो खूप प्यायचा, मग सुमनसाठी त्यानं सोडली. बुद्धवंदनेचं त्यानंच मला हसत हसत सांगितलं होतं. "सर, पयले पाचवं शील आलं की मी खाली पाहून गप बसायचो. दारूचं शील ना ते! आता सगळ्यात मोठा आवाज माझाच ऱ्हातो."

चित्रासाठी शिंदीखान्यात बसाल का, असं मी विचारलं तेव्हा तो लगेच म्हणाला, "तिथं न्हाई सर. दुसरीकडं कुठंबी बसवा."

"पेल्यात पाणीच असेल," मी म्हटलं. "आणि मी आहे ना."

मुलीच्या सरांना नाही कसं म्हणायचं? तो आला. धुतलेला सदरा घालून आला.

काही रविवार असेच गेले. तो पाण्याचा पेला धरून निमूट बसायचा, ओळखीचे लोक थट्टा करायचे, तो हसायचा. आणि माझं चित्र मेलेलं. एस.टी.ची वाट बघत बसलेला माणूस वाटावा, तसं. एका रविवारी मी गल्ल्यावरच्या माणसाजवळ गेलो आणि हळूच सांगितलं — आज त्याच्या पेल्यात पाणी नको.

कोळशाच्या चित्रात पाणी आणि दारू सारखीच दिसते. हे मला ठाऊक नव्हतं का? शिकवायचोच की मी.

पेला पुढे आला आणि दगडूबाला वास आला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "सर, ह्यात पाणी न्हाई."

चुकून झालं असेल, एवढंच म्हणायचं होतं. पेला उचलायचा, रस्त्यावर ओतायचा, घरी जायचं. मी म्हणालो, "असू द्या. प्यायची नाही, नुसता धरा. हलू नका."

तो हलला नाही. माझ्याकडेच बघत राहिला. त्याच्या गळ्याची घाटी वरखाली व्हायची आणि माझा हात — काय सांगू — तसा कधी चालला नव्हता. कपाळ आलं, मान आली, डोळे आले. मला आनंद झाला होता. तेही सांगूनच टाकतो. आनंदच झाला होता. चित्र संपत आलं तेव्हा त्यानं पेला तोंडाला लावला. मी पाहत होतो. अडवलं नाही. बोटं काढायची राहिली होती, तो उठून गेला असता तर?

त्यानं दुसरा मागवला तेव्हा मी कागद गुंडाळत होतो.

महिनाभरानं गयाबाई, त्याची बायको, शाळेच्या फाटकापाशी आली. पदर हातात घट्ट धरलेला. "सर, ह्यांनी पुन्हा सुरू केली. रोज पिऊन राह्यलेत. कुणी पाजली, काय म्हाईत. तुमच्यासंगं होते म्हून इचारते."

"मी तर पाणीच ठेवलं होतं," मी म्हणालो. आवाज जराही हलला नाही.

"ते बराबर हाय. तुम्ही कशाला पाजाल? तुम्हीच सांगा त्यायला. तुमचं ऐकतील."

आणि मी गेलो. त्यांच्या घरी, त्यांच्याच बाजेवर बसून, बायको आणि पोरीसमोर मी दगडूबाला समजावलं. संसार, पोरीचं शिक्षण, माणसाचा निश्चय — चांगलं बोललो मी, मास्तरच होतो. तो खाली मान घालून ऐकत होता. एका शब्दानं सगळं सांगता आलं असतं त्याला. शेवटी एवढंच म्हणाला, "बराबर हाय सर. चुकी माझीच हाय." सुमननं मला चहा आणून दिला. मी तो प्यालो.

त्या चित्राला मुंबईच्या एका प्रदर्शनात बक्षीस मिळालं. लोक म्हणाले, पेल्याकडे बघणाऱ्या या नजरेत काय तहान आहे! तो पेल्याकडे बघतच नाहीये. नीट पाहिलंत तर दिसेल. कुणी नीट पाहिलं नाही, आणि मीही कुणाची चूक दुरुस्त केली नाही.

सुमनची शाळा सुटली. ती आईबरोबर मोंढ्यात धान्य निवडायला जाऊ लागली. वाटेत दिसली की "नमस्ते सर" म्हणायची, आणि मी सायकलचा वेग वाढवायचो. गयाबाई एकदा सांगत होती, हे वंदनेला येतात, पण पाचवं शील आलं की पुन्हा खाली बघून गप बसतात. ती हे सांगत असताना मीही खालीच बघत होतो.

दोन-तीन वर्षांत दगडूबा गेला. पोट फुगलं होतं, डोळे पिवळे झाले होते. ते डोळे. मी अंत्ययात्रेला गेलो. गयाबाईनं मला गर्दीत ओळखलं आणि रडत रडत बायकांना सांगितलं, "ह्या सरांनी लई समजावलं व्हतं त्यायला. सख्ख्या भावानं नसतं समजावलं."

सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले.

गयाबाई आता नाही. सुमन कुठे राहते ते मला माहीत आहे. मी गेलेलो नाही. त्या पेल्यात पाणी नव्हतं. तो मी भरायला लावला होता.