हंसासाठी ठेवलेली रोपं

मी उमरोळीला सून म्हणून आले ती त्रेसष्ट साली. आल्या आल्या सासूबाईंनी मला दोन गोष्टी बजावल्या. विहिरीचं पाणी उन्हं वर यायच्या आत भरायचं आणि भाजीचं रोप शेजारच्या जमुनाला विचारल्याशिवाय लावायचं नाही. पहिली गोष्ट मी फारशी मनावर घेतली नाही. दुसरी मात्र सगळी आळी पाळत होती, तिथे माझी काय कथा!

जमुनाकाकी बुटकी, सावळी आणि तोंडाने फटकळ. नवरा ऐन तरुणपणी गेला. मागे एकुलती लेक हंसा आणि धाकटा दीर कमलाकांत. दिराने लग्न केलं नाही, वहिनीबरोबर वाडीत राबत राहिला. हंसाला तारापूरला दिल्यावर घरात ही दोघंच उरली. दिवसभर त्यांची भांडणं चालायची, आणि संध्याकाळी तीच दोघं ओटीवर बसून एका ताटलीतल्या शेंगा फोडायची.

नवरात्र सरलं की काकी वांग्याचं आणि मिरचीचं बी वाफ्यात टाकायची. वर माडाच्या झावळ्यांची सावली. रोपं बोटभर झाली की रोज एकेक झावळी काढायची, त्यांना ऊन-वारा दाखवायची आणि शेवटीशेवटी पाणीही तोडायची. मला दया यायची. एकदा मी गुपचूप तांब्याभर पाणी घालायला गेले, तर अंगावर आली. म्हणाली, "लाडावलेलं रोप बाहेर टिकत नाय गो. थोडी तहान सोसू दे त्याला." मग एका सकाळी ती वाफ्याशी उकिडवी बसायची, एक रोप दोन बोटांत धरून वाकवायची आणि सोडून द्यायची. ते झटकन उभं राहिलं की उठताना सांगायची, "उद्या."

उद्या म्हणजे उद्या संध्याकाळी, खाडीकडचा वारा पडल्यावर. त्या संध्याकाळी अख्खी आळी कामाला लागायची. प्रत्येकाच्या वाफ्यात पहिलं रोप काकीच्या हातचं, मग बाकीच्यांनी लावायची. कुणी म्हटलं, आज पाहुणे आहेत, परवा लावू, की तिचा पारा चढायचा. "माणसाला थांब म्हटलं तर थांबतं," ती म्हणायची, "रोपाला कोण सांगणार?"

आणखी एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सुतकातल्या हाताने लावलेलं रोप जळतं, अशी आमच्याकडे पक्की समजूत. सुतक असलेलं माणूस भाजीच्या वाफ्याला हात लावत नाही. पण सुतक लागतं ते बातमी कानावर आल्यावर. जोवर कळलं नाही, तोवर हात स्वच्छ. पुढचं सगळं याच्यावरूनच घडलं.

पासष्ट सालच्या कार्तिकात तारापूरहून जावयाचा भाऊ रामा निरोप घेऊन आला. हंसाला ताप येतो आहे, उतरत नाही, आईला बघावंसं वाटतं म्हणते. शिवाय तिने सांगितलं होतं की येताना वांग्याची रोपं घेऊन ये, परसात जागा केली आहे. काकी नेमकी त्याच सकाळी वाफ्यावरून उठली होती. तोंडातून "उद्या" बाहेर पडलं होतं.

काकी घोटाळली. मी कुंपणापाशीच होते, मी पाहिलं. एकदा रामाकडे बघितलं, एकदा वाफ्याकडे. मग म्हणाली, "उद्या संध्याकाळी लावणी आटोपते नि परवा पयल्या गाडीने येते. तिला म्हणावं थांब, रोपं घेऊनच येते." रामा चहा पिऊन निघून गेला. ताप काय, सगळ्यांनाच येतो, असंच आम्हाला सगळ्यांना वाटलं. तिला एकटीला कशाला बोल लावू?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लावणी सुरू झाली. काकी खुशीत होती. सकाळी न्यायची पिशवी तिने आधीच भरली होती, हंसाच्या आवडीचे तांदळाचे लाडू त्यात होते. वाफ्यातली सगळ्यात जोमाची रोपं तिने निवडून बाजूला काढली, मुळांना ओली माती थापली, केळीच्या बुंध्याच्या ओल्या सालीत, म्हणजे सोपात, गुंडाळली आणि पुडकं पिशवीत ठेवून दिलं. "माझ्या लेकीचं आधी," म्हणाली, "तुमी मागनं मारामारी करा."

कमलाकांत त्या दिवशी विहिरीवरून हलला नाही. एरवी पाणी शेंदायचं म्हटलं की त्याची कंबर धरायची. आज मुकाट्याने कळशीवर कळशी काढत होता. काकीने दोनदा हाक मारली, "भावजी, या इकडं, दोन ओळी तुमी लावा." तो आला नाही. "आज कुणी मारलं काय यांना?" असं म्हणून ती हसली आणि आम्हीही हसलो. रोपाला त्याने बोटसुद्धा लावलं नव्हतं, हे नंतर ध्यानात आलं.

शेवटचा वाफा आमचा. तो झाल्यावर काकी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. कमलाकांत जवळ आला. म्हणाला, "वहिनी, हंसा गेली."

"कुठं गेली?" काकी म्हणाली.

त्याने डोळे पुसले. मग तिला कळलं. मातीने भरलेले हात तिने तसेच समोर धरले. "कवा?"

"सकाळी. दुपारी रामा येऊन गेला. तुमी जेवून पडला व्हता."

"दुपारी?" काकी म्हणाली. "दुपारची गाडी मिळाली असती रे."

"सांगितलं असतं तर सुतक लागलं असतं. सगळी लावणी राहिली असती, लोकांची पण." मग खाली बघत म्हणाला, "तुमीच सांगता नं वहिनी, रोप थांबत नाय."

तिच्या जागी मी असते तर त्याच्या डोक्यात कळशी घातली असती. आज इतक्या वर्षांनीही सांगताना माझा हात शिवशिवतो. पण शब्द काकीचेच होते. तिने हात धुतले, भरलेली पिशवी उचलली आणि स्टेशनची वाट धरली. सासूबाई तिच्या मागे धावल्या. पुढचं त्यांच्याकडूनच मला कळलं.

बोईसरला उतरून त्या तारापूरला पोचल्या तेव्हा चांगली रात्र झाली होती. अंगण शेणाने सारवलेलं, पुरुष माणसं किनाऱ्यावरून परत येऊन ओल्या धोतरांनी बसलेली. आईसाठी थांबायचं त्यांच्या मनात होतं, पण कमलाकांतने रामाबरोबर निरोप दिला होता की वहिनी उद्या येतील, वाट बघू नका. मग सूर्य मावळायच्या आत त्यांनी नेलं. हंसाची सासू म्हणाली, पोर शेवटपर्यंत शुद्धीवर होती, दाराकडे बघत होती. कुणी उठायला सांगितलं तरी काकी उठेना. जिथे हंसाला ठेवलं होतं तिथेच जमिनीवर हात पसरून पडून राहिली. सासूबाई सांगायच्या, इतकं धाय मोकलून रडणं त्यांनी पुन्हा कधी ऐकलं नाही.

दिलेल्या लेकीचं सुतक आईला तीन दिवस. ते फिटल्यावर चौथ्या दिवशी आंघोळीसाठी लुगडं काढायला काकीने पिशवी उघडली. लाडवांना बुरशी आली होती. खाली ते पुडकं तसंच होतं. सासूबाई म्हणाल्या, "टाकून दे गो, मेली असतील." काकीने सोप सोडलं. पानं पिवळी पडली होती, माना टाकल्या होत्या, पण देठ हिरवे होते. ती उठली आणि परसात गेली. हंसाने जागा खणून, खडे वेचून ठेवली होती. भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना, ना वारा बघितला ना काही, काकीने ती रोपं तिथे लावली. एकूण एक जगली.

त्या वर्षी आमच्या वाड्यांतही वांगी उदंड आली. कमलाकांत टोपल्या भरभरून बोईसरच्या बाजारात नेई. काकीने त्यातलं एक वांगं कधी चिरलं नाही. दिराला तिने घराबाहेर काढलं नाही, दोन वेळा वाढत राहिली, आजारपणात त्याचे पायही चेपले. पण भावजी म्हणून हाक मारली नाही ती कायमचीच, आणि शेंगांची ताटली पुन्हा ओटीवर आली नाही. तोही वाळत गेला. विहिरीवर पाणी काढताना एकटाच काहीतरी पुटपुटायचा. त्याने ते वाईट बुद्धीने केलं नव्हतं, हे मलाही कळतं. कळून काय उपयोग?

पुढच्या कार्तिकात माझ्या वाफ्यातली रोपं हातभर व्हायला आली, तरी शेजारून काही सांगणं येईना. शेवटी मीच कुंपणापाशी जाऊन विचारलं, "काकी, रोपं कधी लावू?"

"लाव कवा पण," ती म्हणाली.

"उशीर झाला तर जळतील ना?"

ती झावळ्या रचत होती. हात थांबले. फटकळ बाई, पण आवाज अगदी हलका झाला होता.

"नाय जळत. चार दिवस थांबली गो ती. पिशवीत, पाण्याबिगर." मग तोंड फिरवून म्हणाली, "आणि मी थांब म्हणून सांगितलं, ते हंसाला."