तडकलेली नळी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आणि सांगायला बसलो तरी आधी त्या यंत्राचाच राग येतो. काय म्हणायचं याला?

दोन हजार सालानंतरची गोष्ट. इथे परदेशात, माउंट वेलिंग्टनच्या एका त्वचेच्या दवाखान्यात लेझर सांभाळायला आम्ही दोघं होतो, मी आणि माझ्याहून लहान असलेला नागपूरचा निलेश. जन्मखुणा पुसट करणारा, तांब्याच्या वाफेवर चालणारा लेझर. नखरे तरी किती! नळीतल्या तांब्याची वाफ होईपर्यंत सकाळी तासभर ताटकळायचं. कमी तापला तर उजेड नाही, जास्त तापला तरी उजेड मंदावतो. संध्याकाळी पुन्हा लाड – वीज थोडी थोडी उतरवत नळी सावकाश निवू द्यायची. एकदम तोडली की नळी तडकलीच. मला ठाऊक नव्हतं का? निलेशला मीच तर शिकवलं होतं.

निलेशला एक खोड होती. निघताना दिसेल ते बटण बंद करायचा, घरची सवय. एकदा फ्रिज बंद करून गेला आणि सगळ्यांचं दूध नासलं. त्यावरून आम्ही त्याला फार पिडायचो.

त्या शुक्रवारी यंत्र निववायची पाळी माझी होती. टाकानिनीच्या नव्या घराची किल्ली घ्यायची होती, बायकोचे फोनवर फोन, आणि तापमानाचा आकडा काही खाली येईना. वैतागलो – सरळ भिंतीवरचं बटण बंद केलं. मग गाडी काढायला गेलो; निलेश अजून आतच होता.

सोमवारी नळी तडकलेली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी एवढंच म्हणालो, की मी गाडी काढायला गेलो होतो, आलो तर यंत्र बंद. सगळ्यांनी निलेशकडे पाहिलं. ती नजर कुठे वळणार, हे मला माहीत नव्हतं? होतं. त्याचं वर्क परमिट या नोकरीवर आहे, हेही माहीत होतं. मी तर तेव्हा इथला कायमचा रेसिडेंट झालो होतो!

नोकरी गेली, पाठोपाठ परमिट. एअरपोर्टवर सोडायला मीच गेलो – हो, मीच. बॅगा उतरवताना तो म्हणाला, "दादा, मला आठवून नाही राहिलं, पण मीच केलं असणार. सॉरी. तुमच्यावर आलं असतं."

"होतं रे असं," मी म्हणालो.

मी त्याला माफ केलं.