साहेब येणार म्हणून केलेली सफाई

आधी चहा पिऊन घेतो. कारण पुढचं ऐकल्यावर तुम्ही मला चहा विचाराल की नाही, याची शंकाच आहे! चुका सगळ्यांच्याच हातून होतात हो. पण मी केली ती दोन दिवस घाम गाळून, कुदळ चालवून, वर चार माणसांना कामाला लावून केली.

इंदूरजवळ राऊच्या पुढे एक टेकडी आहे. तेव्हा ती पार बोडकी होती. इंदूरच्या कापडाच्या मिल एकामागून एक बंद पडत होत्या आणि शहराबाहेर जिथे बघावं तिथे नव्या कॉलनीच्या पाट्या लागत होत्या. या टेकडीवरही पाटी लागायची होती. आम्ही पंधरावीस जणांनी समिती काढली, तहसील कार्यालयात खेटे घातले आणि एक वर्षाची परवानगी मिळवली. झाडं लावा, जगवून दाखवा, मग पुढचं बघू. नाहीतर प्लॉट पडणार, हे तहसीलदार साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं.

आमच्यात कोण कोण? महूच्या कुसुमताई, पोस्टात नोकरी, समितीच्या सचिव. छत्रीबागेतला मी, शाळामास्तर. आणि नाना. नानांनी तीस वर्षं मिलमध्ये लूम, म्हणजे कापडाचा माग, चालवला होता. बाकीचे असेच, कुणी क्लार्क, कुणी मिलवाले. शेतकरी म्हणाल तर एकही नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल!

पावसाळ्यात आम्ही वनखात्याकडून मिळालेली सागवानाची रोपं लावली. दिवाळीनंतर गवत कापलं. होळीच्या आधी, वणवा आत येऊ नये म्हणून, टेकडीभोवती पट्टा खरवडून साफ केला. उन्हाळ्यात पाणी घालायचं. ते काम नानांचं. सायकलला दोन कॅन बांधून रोज चढ चढायचे.

पण टेकडीवर यायच्या आधी नाना रोज मिलच्या फाटकावर जायचे. मिल उघडण्याची नोटीस लागली का ते बघायला. एकदा मी शहाणपणा केला. म्हणालो, "नाना, मिल आता उघडत नाही. मान्य करा."

"तुम्ही मास्साब आहात, मालक नाही," नाना तडकले. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मग एक दिवस लूम ट्रकवर चढून भंगारात गेले. नाना त्या सकाळी टेकडीपाशी आले आणि कॅन भरून वर गेले. मला फार वाईट वाटलं. बरोबर ठरल्याचा आनंद बिलकुल झाला नाही.

मे महिन्यात कुसुमताई निरोप घेऊन आल्या. साहेब सोमवारी टेकडी बघायला येणार!

मी धावत वर गेलो. बघतो तर काय, एकाही रोपाला पान नाही! नुसत्या करड्या काड्या. नाना मात्र त्या काड्यांना पाणी घालतायत.

साहेबांनी हे पाहिलं तर संपलंच. मी तिथल्या तिथे हुकूम सोडला, "ही मेलेली सगळी उपटा. त्या जागी हिरवी रोपं दिसली पाहिजेत."

"मास्साब, एकदा नर्सरीवाल्याला पूछ लेते ना?" कुसुमताई म्हणाल्या.

"ताई, यात पूछना क्या? डोळ्यांना दिसतंय!"

नाना जवळ आले. हातात कॅन तसाच. "पक्की मेली ना, मास्साब?"

आता तोंडून काय निघावं? तेच. "नाना, मान्य करा."

या वेळी नाना तडकले नाहीत. कॅन खाली ठेवला आणि शेवटची ओळ त्यांनी स्वतः उपटली.

रोपं काय घट्ट होती म्हणून सांगू! कुदळीने खोदून खोदून माझ्या हाताला फोड आले. मेलेलं झाड एवढं जमिनीला धरून का बसेल, हा प्रश्न मला पडायला नको? नाही पडला! उपटलेली रोपं ओल्या मातीसकट चिंचेच्या सावलीत रचली. विजय नगरच्या एका नर्सरीतून अशोकाची रोपं उसनी आणली, आणि परत करायची म्हणून प्लास्टिकच्या पिशव्यांसकट खड्ड्यांत उभी केली.

सोमवारी साहेब आले. माळव्यातल्याच खेड्यातले, शेतकऱ्याघरचे. हिरव्या ओळी बघून खूश झाले. मी मागे हात बांधून, मान ताठ. साहेबांनी कौतुकाने एका रोपाला हात लावला, आणि पिशवी अलगद वर आली!

"ये क्या है, भिया?"

साहेबांची नजर चिंचेखालच्या ढिगाकडे गेली. त्यांनी एक काडी उचलली आणि अंगठ्याच्या नखाने साल खरवडली.

आत हिरवंगार.

दुसरी उचलली, तिसरी उचलली. सगळी हिरवी. "सागवान गर्मी में पत्ते गिराता है. ज़िंदा थे सब. किसने उखाड़े?"

मी हात वर केला. शाळेत मुलं करतात तसा.

"मास्साब, आप क्या पढ़ाते हैं?"

आता बघा, माणूस कुठल्या थराला जातो! मी म्हणालो, "इतिहास."

"नहीं साहब," नाना पुढे आले, अगदी मनापासून, "विज्ञान पढ़ाते हैं. बहुत अच्छा पढ़ाते हैं."

पानगळीचा धडा मी दरवर्षी शिकवायचो हो. दरवर्षी!

साहेब हसले नाहीत. त्यांनी एका रोपाचं मूळ हातावर धरून बघितलं. कोपरापर्यंत आलं. "इतनी जड़ बिना पानी के नहीं जाती. पानी किसने दिया?"

कुसुमताईंनी नानांकडे बोट दाखवलं. साहेबांनी नानांना शेजारी बसवलं आणि शिकवलं. मुळाचा वीतभर तुकडा आणि वर बोटभर खोड ठेवून छाटा, ओल्या गोणपाटात गुंडाळा, पाऊस पडला की पुन्हा लावा. परवानगी एका वर्षाने वाढली. जाताना साहेब कुसुमताईंना म्हणाले, "बस, इनके हाथ में कुदाल मत देना."

सगळे गेल्यावर मी नानांजवळ बसलो. ते गोणपाट भिजवत होते. "नाना, रोज पाणी तुम्ही घातलं. मला अडवलं का नाही?"

नाना वर न बघता म्हणाले, "मिलचं तुम्ही बोलला होता, तेव्हा मी भांडलो. तुमचंच खरं निघालं. मग मला वाटलं, हे पण खरंच असेल."

मला तोंड वर करवेना. माझ्यामुळे एका माणसाने जिवंत झाडं मेली म्हणून स्वतःच्या हाताने उपटली होती.

पावसानंतर निम्मी फुटली. आज त्यांच्या सावलीत आमची सभा भरते. दर वर्षी कामाची यादी लागते, गवत कुणी, पट्टा कुणी, पाणी कुणी. माझ्या नावापुढे कुसुमताई एकच शब्द लिहितात, चहा.

तोही मी एकट्याने करायचा नाही बरं का! चुलीत काटकी घालण्याआधी नाना समोर उभे राहतात. "मास्साब," म्हणतात, "आधी नखाने खरवडून बघा."