यादीत भागीरथा दोनदा

आमचं हिंगणघाटात किराण्याचं दुकान. नात वर्षाली लहानपणापासून शब्दांच्या अर्थात अडकणारी. संध्याकाळी मी ‘दुकान वाढव’ म्हटलं की विचारायची, "आबाजी, बंद करून राह्यले, मंग वाढव काऊन म्हनता?"

"बाई, दुकान बंद कर, दिवा विझव, असं म्हनू नाई. वाढव म्हनाव."

हे तिनं थेट कॉम्प्युटरात नेलं.

२००३ साली ती डिप्लोमाला होती. जावा या कॉम्प्युटरच्या भाषेच्या पेपरात एकदा नापास झालेली. या खेपेस प्रोजेक्टात नापास झाली तर शिक्षण बंद, असं तिच्या बापानं, आमच्या गजेंद्रनं, बजावलेलं. प्रोजेक्टमध्ये तिनं आमच्याच घरच्या माणसांची यादी घातली. मला समजावायची, "आबाजी, ‘माणूस’ हा क्लास, म्हंजे साचा. त्यातून निघाले ते ऑब्जेक्ट. तुमी, बाबा, मी." त्यात माझी बायको भागीरथाही होती. ती चैत्रात वारलेली. गेलेल्याला यादीतून काढायच्या कामाला वर्षालीनं नाव दिलं ‘वाढव’, आणि आतला कोड लिहायला प्रोजेक्टातला जोडीदार अंकितकडे दिला. अंकित नागपूरच्या इंग्रजी शाळेत शिकलेला.

परीक्षेला मी कौतुकानं दाराशी बाकावर बसलो. भर दुपार. वर्षालीनं भागीरथाच्या नावावर ‘वाढव’ चालवलं. बाहेरून आलेले सर पडद्यावरचं वाचू लागले, "चंद्रभान, गजेंद्र, वर्षाली, भागीरथा, भागीरथा."

तिनं पुन्हा चालवलं. भागीरथा तीनदा.

चंद्रभान मीच. खरं सांगतो, मी मागे वळून दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं.

"काय भरलं रे यात?" वर्षाली अंकितला हळूच म्हणाली.

"वाढव म्हंजे वाढवाचंच न? एक अजून टाकली."

"अरे, आमच्या घरी वाढव म्हंजे..." तिनं पडद्यावरच्या आजीच्या नावावर बोट ठेवलं.

सरांनी दहा मिनिटं दिली. "नाव हेच ठेवायचं तर शेजारी अर्थ लिहा. कोड दुसऱ्यालाही वाचायचा असतो."

तिनं आतली ओळ बदलली. शेजारी लिहिलं, ‘वाढव म्हणजे निरोप देणे.’ मग पहिल्यापासून चालवलं. सरांनी वाचलं, "चंद्रभान, गजेंद्र, वर्षाली." सही केली.

पोरगी पास झाली. मी अख्ख्या गल्लीला पेढे वाटले. घरी येताना मात्र ती एवढंच बोलली, "आबाजी, आजीले मीच काढलं."

दुसऱ्या संध्याकाळी तिनं दुकानाच्या फळीला हात लावला. "वाढवू?"

"थांब थोडं," मी म्हणालो.

गिऱ्हाईक एकही नव्हतं. आम्ही दोघं रस्त्याकडे पाहत बसलो.